लाल पानाआडची गाणी

नवरात्रात इकडे तेलुगू मुलखात, हिमायतनगरला, आम्हा मराठी घरांतल्या बायकांचा भोंडला होतो. पूर्वी हत्तीच्या चित्राभोवती फेर धरला की गाणं उचलायची माझी बायको. आताच्या मुली मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. म्हणून शेवटच्या आजारपणाआधी तिने सगळी गाणी घरीच रेकॉर्ड करून ठेवली. ती गेल्यावर मी ही गाणी एका साध्याशा वेबसाइटवर चढवली. तेव्हापासून भोंडल्यात स्पीकरवर तीच गायची आणि मी हॉलबाहेर खुर्ची टाकून ऐकायचो. वर्षातला माझा तेवढाच एक सण.

यंदा फेर सुरू झाला आणि भलत्याच बाईचा आवाज आला. चालही वेगळी, घाईघाईची. खिरापत ओळखून झाल्यावर भोंडल्याची सगळी व्यवस्था बघणारी मुलगी मला वाटी द्यायला आली, तेव्हा तिला विचारलं.

"काका, तुमची साइट खोलली की लाल पान येतंय. धोका आहे, पुढे जाऊ नका म्हणून. सगळ्या डरल्या, मग दुसरी गाणी लावली."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्हाला बुरं वाटलं असतं नं."

बुरं! वाटल्या डाळीची ती वाटी मी तशीच खुर्चीखाली ठेवून दिली. जिने उभ्या जन्मात कुणाला साधी थाप मारली नाही, ती म्हणे धोकादायक.

चिक्कडपल्लीला घरी आलो आणि साइटवर तो शिक्का मारणाऱ्या कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. उत्तर आलं. साइटवर व्हायरस वगैरे काही सापडला नव्हता. पण पत्ता फारसा कुणाला माहीत नाही, चालवणारा एकटा माणूस, ये-जा जवळपास नाही, म्हणून संशय. वाचून मला आधी हसू आलं. एवढ्यावरून पकडायचं तर आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मला केव्हाच पोलिसांत दिलं असतं. मग मात्र हसू आलं नाही. घर फार रिकामं वाटलं.

पुष्कळ खटपटीनंतर, दिवाळी होऊन गेल्यावर, लाल पान हटलं. मी भोंडल्याच्या ग्रुपवर कळवलं. भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले. दुपारी साइटवर कोण कोण येऊन गेलं ते पाहिलं. मी सोडून कुणी नव्हतं.

मग मीच पहिलं गाणं लावलं. गाण्याच्या आधी तिचं एक वाक्य आहे, ते कापायला माझा हात कधी धजला नाही.

"अहो, तो पंखा बंद करा ना, आवाज येतोय."

मी उठलो आणि पंखा बंद केला.