साडेपाचच्या शिट्टीला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझी बायको एस्तेर, तिला ते माहीत होतं, पण तिलाही मी माझ्या तोंडाने कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे आणि पहिल्या चार ओळींतच हात थांबतो आहे. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही कित्येक वर्षं स्वतःला तेच म्हणत आलो — एवढंच ना?

आधी मी कोण ते सांगतो. माझे वडील मलकापूरला जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांना सही येत नव्हती. मी मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकलो. तिथल्या पाद्रीसाहेबांनी माझी फी भरली, पायात चपला घातल्या, आणि मी बी.ए. झालो तेव्हा माझ्या वडिलांच्या गळ्यात पडून रडले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतला मी पहिला पदवीधर. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मलकापुरातच मला हायस्कुलात नोकरी लागली, आणि मी मनाशी ठरवलं की ज्यांच्या भाकरीवर शिकलो त्यांना खाली मान घालायला लावायची नाही. विश्वास रविवारपुरता नको, रोजच्या वागण्यात दिसायला हवा. मी शाळेत वेळेवर जायचो. पोरांवर छडी उगारली नाही. खिशात एक छोटी डायरी असायची — त्यात ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं.

ती डायरी अजून आहे माझ्याकडे. त्यात एक नाव आहे. सुमन.

सुमन ही द्वारकाबाईंची मुलगी. द्वारकाबाई आमच्या गल्लीत भाजी विकायच्या. माळ्याची बाई, जीभ तिखट. एस्तेर भाव करू लागली की म्हणायच्या, "बाई, तुमच्या देवानं भाव करा म्हनून लिवलं का पुस्तकात?" आणि वर दोन वांगी जास्त टाकायच्या. सुमनला जानेफळला दिलेली होती. त्या हिवाळ्यात सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं — छातीचा आजार, रोज संध्याकाळी ताप, खोकल्यातून रक्त. डॉक्टरची सुया-औषधं सुरू होती. नाल्यापलीकडच्या खोलीत मायलेकी दोघीच.

एका सकाळी द्वारकाबाई पाटी खाली ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी शाळेला निघालो होतो. उशीर होत होता — हेही सांगून टाकतो, मला त्यांना लवकर वाटेला लावायचं होतं.

"मास्तर, माह्या सुमनसाठी तुमच्या देवाले काही सांगान का?"

"सांगेन की. रोज प्रार्थना करीन."

"रोज? कवा?"

कधी? असं कुणी विचारतं का? आम्ही मंडळीत एकमेकांना दिवसातून चारदा म्हणतो, प्रार्थनेत आठवण ठेवतो. कुणी वेळ विचारत नाही. मी चटकन म्हणालो, "पहाटे. साडेपाचच्या पॅसेंजरची शिट्टी झाली की बसेन."

"तुमचा देव एवढ्या लवकर उठते का हो?" त्या हसल्या. मग डोळ्यांना पदर लावला. "मंग मीही उठत जाईन."

मी डायरी काढून त्यांच्यासमोर नाव लिहिलं. माझं अक्षर सुरेख आहे. नाव लिहिलं आणि मला वाटलं, अर्धं काम झालं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली. थंडी होती. मी गोधडी डोक्यावर ओढली.

तिसऱ्या दिवशीही तेच. मग शिट्टी ऐकूही येईनाशी झाली. मी सुमनसाठी एकदाही प्रार्थना केली नाही. पहाटे नाही, दुपारी नाही, जेवणाआधीच्या दोन ओळींतसुद्धा नाही. एस्तेर पाचला उठून चूल पेटवायची. मी कधी उठतो ते तिला दिसत होतं. आणि तरी — हे लिहिताना कान तापतात — एका रविवारी मंडळीत विश्वासाची साक्ष द्यायला उभा राहिलो तेव्हा मी म्हणालो, परधर्मातल्या एका आजारी मुलीसाठी मी रोज पहाटे गुडघे टेकतो. पाद्रीसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली. एस्तेर बायकांच्या बाजूला बसली होती. मी तिकडे पाहिलं नाही.

होळीच्या आधी सुमन गेली.

पंधरा दिवसांनी द्वारकाबाई आल्या. पाटी नव्हती. ओसरीवर बसल्या. मला वाटलं, आता विचारतील — तुमच्या देवानं ऐकलं काऊन नाही? त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. प्रभूची इच्छा वगैरे. शिकलेला माणूस मी.

त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचे लय उपकार झाले."

मग नाल्याच्या दिशेने हात करून सांगू लागल्या.

"गाडीची शिट्टी झाली का मी सुमनले उठवो. म्हनो, ऊठ माय, मास्तर बसले. घोंगडीत गुंडाळून तिले भिंतीशी बसवो अन् तुमच्या घराकडं तोंड करून आमी दोघी बसो. एक दिवस गाडी लेट झाली. मी म्हनलं नीज आता. तं म्हने, नाही माय, मास्तरही बसून राह्यले असतीन."

तुम्हाला समजतं आहे ना, मी काय ऐकत होतो? ओसरीचा खांब धरला तो आठवतो. दोन महिने — एका मरणाऱ्या मुलीला तिची आई थंडीत झोपेतून उठवत होती, मी उठलेला असेन या भरवशावर. आणि मी गोधडीत होतो.

अजूनही मी खरं बोलू शकलो असतो. वाट मोकळी होती. एस्तेर दारात उभी होती. द्वारकाबाईंनी विचारलं, "एक सांगा मास्तर. तुमी काय म्हनत होते त्याले?"

आणि मी सांगितलं.

तिथल्या तिथे रचलं. आवाज हळू केला, डोळे मिटले. "प्रभू, सुमन तुझं लेकरू आहे. तिचा श्वास तुझ्या हाती आहे. रात्र मोठी आहे, तिला एकटं सोडू नको." चांगले जमले होते शब्द. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. द्वारकाबाई म्हणाल्या, पुन्हा म्हना. मी पुन्हा म्हणालो. त्यांचे ओठ माझ्यामागून हलत होते. डोळे उघडले तेव्हा दारात एस्तेर नव्हती. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं, आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. नंतरही कधी नाही.

त्यानंतर चार वर्षं गेली. आमच्या मुलीला, करुणाला, विषमज्वर झाला. तिच्या उशाशी जागत आम्ही आळीपाळीने बसायचो. एका पहाटे शिट्टी झाली तेव्हा मी जागा होतो — तापाच्या पट्ट्या बदलत होतो, म्हणून जागा. बाहेर ओट्यावर कुणाचा तरी आवाज आला. मी खिडकीची फळी जराशी सरकवली.

द्वारकाबाई बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, शेजारी भाजीची पाटी. हात जोडलेले. करुणाच्या आजाराचं त्यांना एस्तेरने आदल्या दिवशी सांगितलं असणार.

"प्रभू, करुणा तुझं लेकरू आहे. तिचा श्वास तुझ्या हाती आहे. रात्र मोठी आहे, तिला एकटं सोडू नको."

माझेच शब्द. त्यांच्या बोलीत नाही — माझ्या पुस्तकी मराठीत, जसेच्या तसे, एकही इकडचा तिकडे नाही. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवले होते. माझ्या खोट्याला त्यांनी रोज खरं केलं होतं, आणि आता ते माझ्या लेकरासाठी माझ्या दारात आणून ठेवत होत्या.

दार उघडायला कडी काढावी लागते, एवढंच. बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसायचं होतं. निदान म्हणायचं होतं — बाई, मी कधी बसलोच नाही.

त्या नऊ दिवस आल्या. शिट्टी झाली की ओट्यावर पाटी टेकल्याचा आवाज यायचा. करुणाचा ताप उतरला आणि त्या यायच्या थांबल्या. मग नेहमीसारख्या आठ वाजता, "वांगे घेता का बाई" करत. आता त्या नाहीत. एस्तेरही नाही.

नऊच्या नऊ दिवस मी आतल्या बाजूने कडीवर हात ठेवून उभा होतो. कडी काढली नाही.