तूप चांगलं होतं

आगमनकाळाचा पहिला रविवार आला की माझ्या अंगात वारं शिरतं. नाताळला चार आठवडे उरलेले असतात. देवासच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड येतं, चार मेणबत्त्यांतली पहिली लागते आणि साठी उलटलेली मी शाळकरी पोरीसारखी याद्या करत सुटते. गाण्यांचा सराव, पडदे, मैदा, खसखस. हे चार आठवडे फराळाचे नाहीत, पश्चात्तापाचे आहेत, असं पाळकसाहेब दरवर्षी बजावतात. मी मान डोलावते आणि मनातल्या मनात पिठीसाखर किती लागेल ते ठरवते.

मागच्या वर्षी पाळक नवे होते. धारहून आलेले, वयानं माझ्या लेकाएवढे. त्यांनी प्रवचन आटोपतं घेतलं आणि म्हणाले, "देवाजवळ कबूल करणं सोपं आहे, त्याला आधीच ठाऊक असतं. चौथी मेणबत्ती लागायच्या आत प्रत्येकानं एका माणसाजवळ जाऊन एक गोष्ट कबूल करा."

मला कल्पना फारच आवडली. मी लगेच चर्चभर नजर फिरवली आणि कुणी कुणाकडे जायला हवं ते नक्की करून टाकलं. पस्तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात, ती खोड जात नाही. पण नजर फिरता फिरता शेवटच्या बाकावरच्या मनावरवालीपाशी आली आणि मी झटकन गाण्यांच्या पुस्तकात डोकं घातलं.

मनावरवाली म्हणजे धारकडच्या मनावर गावाहून सून होऊन आलेली. माळव्याच्या चालीनं आमच्यातही सुनेला तिच्या गावावरून ओळखतात. ती नर्स आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला मानानं जीजी म्हणते. आणि मी तिचं काय केलं होतं ते आता सांगतेच.

आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी आम्ही सगळ्या बायका चर्चच्या हॉलमध्ये बसून साऱ्या मंडळीसाठी करंज्या करतो. जिनसा वाटून घेतलेल्या असतात. मनावरवाली लग्न होऊन आली तेव्हापासून पिठाच्या मोहनासाठी तूप तिच्याकडून यायचं. तिची आई घरच्या म्हशीचं कढवायची आणि बसनं डबा पाठवायची. खोबरं माझ्याकडे. त्या प्रवचनाच्या सात वर्षं आधी मी मोठ्या हुशारीनं नवरात्रातच खोबरं किसून ठेवलं. डिसेंबरात डबा उघडला तर वास जरा वेगळा. जरा कसला, चांगलाच वेगळा! पण ऐन वेळी पुन्हा किसत कोण बसणार? मी वेलची दुप्पट घातली आणि सारण कालवून मोकळी झाले.

गरम होत्या तोवर करंज्यांनी माझी लाज राखली. नाताळच्या दिवशी मात्र ज्यानं त्यानं तोंड वाकडं केलं. हॉलमध्ये बायकांची चौकशी बसली. कुणीतरी म्हणालं, "तूपच खवट असेल." मला गप्प राहता आलं असतं. निदान तेवढं तरी. पण मी म्हणाले, "गावाकडचं तूप, कोण जाणे कधीचं साठवलेलं!"

मनावरवालीनं तुपाचा रिकामा डबा पिशवीत घातला आणि ती घरी गेली. पुढच्या वर्षी तिच्या आईला "तूप खवट निघालं, आता पाठवू नका" असा निरोप गेला, आम्ही बाजारचं वनस्पती तूप आणायला लागलो आणि तिसऱ्या रविवारी तिची नेमकी ड्यूटी निघायला लागली. सात वर्षं ती पोळपाटाजवळ बसली नाही. मी? मी दरवर्षी ताजं खोबरं आणलं आणि त्याला कबुली समजत राहिले.

दुसऱ्या रविवारी बातमी कळली. मनावरवालीच्या नवऱ्याची बदली कुक्षीला झाली होती आणि नवीन साल लागताच ते देवास सोडणार होते. माझं धाबं दणाणलं. म्हणजे करंज्यांचा आता हा एकच रविवार हातात! तो गेला की ती जन्मभरासाठी खवट तुपाची बाई म्हणून या गावातून जाणार, आणि तसं करणारी मी इथं पहिल्या बाकावर बसून वरच्या पट्टीत गाणार.

तरी चोरवाटा शोधल्याच मी. केक करून पाठवला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून तिनं त्यात धुतलेले पेरू घालून पाठवले. वर चिठ्ठी, "जीजी, केक छान होता." त्या चिठ्ठीनं माझं जेवण उडालं.

शनिवारी संध्याकाळी शेवटी तिच्या घरी गेले. खोकी बांधायचं काम चाललं होतं. मी पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. खोबऱ्याचा वास, दुप्पट वेलची, ते वाक्य. आणि मग थांबले. खरं सांगते, ती माझा हात धरेल, दोघी जरा रडू, असं काहीतरी डोक्यात होतं.

ती सुतळीची गाठ मारत म्हणाली, "मला सांगून क्या फायदा, जीजी? तूप चांगलं होतं हे मला तर पैल्यापासून माहीत. ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा ना. आणि माझ्या आईला."

असा राग आला मला! एवढी मी थोरली बाई, आपल्या पायांनी आले, आणि ही मलाच काम सांगते! चपला घालून तरातरा निघाले. निम्म्या रस्त्यात पाय मंदावले. ती म्हणाली त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. आणि गंमत अशी की ते पटल्याबरोबर मला भलताच हुरूप चढला. छातीत ढोल वाजत होता, पण भीतीचा कमी आणि उत्साहाचा जास्त. कधी एकदा उद्या उजाडतंय असं झालं. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा मी इतकी उतावीळ नव्हते.

रविवारी तिसरी मेणबत्ती लागली. उपासना सुटली तशी मी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये. बारा-तेरा जणी जमल्या, सतरंज्या पडल्या, पीठ मळून झालं. मनावरवालीचा पत्ता नव्हता. मी दाराकडे बघून बघून मान अवघडून घेतली. तिच्याशिवाय बोलायचं तर काय उपयोग, आणि न बोलावं तर पुन्हा पळून जाणंच. तेवढ्यात ती आली. आत नाही, उंबऱ्यात. पायात चपला तशाच, खांद्याला पर्स.

मी हातातली परात आपटून ठेवली. "ऐका गं सगळ्या! सात वर्षांपूर्वी करंज्या बिघडल्या त्या माझ्या खोबऱ्यानं. मला वास आला होता. माहीत असून घातलं. हिचं तूप चांगलं होतं आणि मी तिच्यावर ढकललं. मी खोटं बोलले."

सगळ्यांत थोरल्या मावशी लाटणं उगारून ओरडल्या, "म्हणजे सात वर्षं तुझ्यापायी आम्ही वनस्पती खाल्लं? टाळूला चिकटतं गं मेलं!"

बायका फुटल्याच. हसू आवरेना कुणाला. मीही हसत होते आणि रडत होते, नाक पुसायला पदर कमी पडला. छाती इतकी हलकी झाली होती की उठून नाचावंसं वाटत होतं. हसली नाही ती फक्त मनावरवाली. तिनं पर्समधून फोन काढला, आईला लावला आणि उंबऱ्यातूनच हात लांब करून माझ्यापुढे धरला.

मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पलीकडून म्हातारी म्हणाली, "म्हैस तर दोन साल झाले, गेली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्याकडनं तो निरोप आला ना," ती म्हणाली, "त्यानंतर मी बाहेर कोणालाच तूप नाही दिलं. देताना हात मागं यायचा. वाटायचं, खरंच बिघडलं असेल का? मला कळलं नसेल का?"

"नव्हतं बिघडलं, काकी," मी म्हणाले. "फार चांगलं होतं. मी हात जोडते तुम्हाला."

"हां. पोरगी कुठंय? उभीच आहे का?"

मी वळून पाहिलं. उंबऱ्याशी चपला काढलेल्या होत्या. मावशींनी सरकून जागा दिली होती आणि मनावरवाली पोळपाट पुढ्यात ओढून पहिली पुरी लाटत होती.

"बसलीय, काकी. सगळ्यांच्या मधोमध बसलीय."

"मग ठेवा फोन," म्हातारी म्हणाली. "काम करू द्या तिला."