चौकशी खिडकीची चौकशी

आमच्या समोरच्या दारातल्या वहिनींना नोकरीवरून काढलं, कारण त्या कामाच्या वेळात कुणा बाईशी गप्पा छाटत बसल्या होत्या, अशी बातमी इमारतीत पसरली. तळमजल्यावरून निघून माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्या बाईचा बाप्या झाला होता.

खरं एवढंच होतं, की चौकशी होईपर्यंत वहिनींना घरी बसायला सांगितलं होतं. आणि गप्पा म्हणाल, तर त्या मारल्या होत्या. त्याचाच त्यांना पगार मिळतो.

वहिनी आपत्कालीन सेवेच्या नियंत्रण कक्षात असतात. मोबाइलवर ते अ‍ॅप असतं ना, लाल बटण दाबलं की रुग्णवाहिका नाहीतर आगीचा बंब मागवता येतो, बोलता येत नसेल तर लिहूनही सांगता येतं. ते लिहिलेलं वहिनींच्या पडद्यावर उमटतं आणि त्या उत्तर देतात. थोडक्यात देतात म्हणे. आमचा कुणाचा यावर विश्वास नाही. पाठीमागे आम्ही त्यांना ‘चौकशी खिडकी’ म्हणतो. पिशवीत काय आहे, कुणासाठी आहे, आणि त्यांना ते आवडतं तरी का, एवढं सांगितल्याशिवाय जिना चढता येत नाही. मी घरी किती वाजता येतो ते माझ्या बायकोला त्यांच्याकडून कळतं. एकदा चपला हातात घेऊन चढून पाहिलं, तर दार उघडून म्हणाल्या, “भावोजी, अंगठा तुटला का?”

तर त्या दुपारी एका बाईने अ‍ॅपवर रुग्णवाहिका मागवली. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, घरात एकटीच आहे. वहिनींनी गाडी पाठवली. ती निघते न निघते तोच बाईने ‘रद्द करा’ दाबलं. आता नियम असा, की माणसाने स्वतः रद्द केलं तर एकदा ‘नक्की ना?’ विचारायचं आणि गाडी माघारी बोलवायची. नियम खुळा नाही. गाड्या मोजक्या, आणि एक उगाच धावली की दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उशीर होतो.

बाई म्हणाली, नक्की, आता बरं वाटतंय. दुसरं कुणी असतं तर तिथेच संपलं असतं. पण खिडकी ती खिडकी. एकदम बरं कसं वाटलं, काय केलंस, कुठे बसली आहेस, असा पिच्छाच पुरवला. तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. घरात पसारा होता. पलंगावर कपड्यांचा ढीग, नळाखाली खरकटी भांडी, मुलांची खेळणी पार दारापर्यंत. अशा घरात परकी माणसं शिरणार, मागून शेजारी डोकावणार. आज राहू द्या, उद्या मीच दवाखान्यात जाईन, असं लिहून तिने पुन्हा ‘रद्द करा’ दाबलं.

वहिनींनी गाडी माघारी बोलावली नाही. शेजारचा सहकारी कुजबुजला, नोकरी जाईल. त्या लिहीतच राहिल्या. “माझं घर बघशील तर तुला तुझं घर प्रदर्शनातलं वाटेल. दाराची कडी काढ आणि तिथेच भिंतीला टेकून बस.”

हे धादांत खोटं. वहिनींच्या घरात सतरंजीसुद्धा सावरून बसते.

बाईने कडी काढली. तेवढंच जमलं तिला. माणसं पोचली तेव्हा ती दाराशीच आडवी झाली होती, फोन हातात. हृदयविकाराचा झटका होता. खेळणी ओलांडून त्यांनी तिला उचललं आणि ती वाचली.

पण नियम मोडला तो मोडलाच. नोकरीच्या धास्तीने वहिनींनी जिन्यात कुणाला काही विचारणंच सोडलं. इमारतीला अगदी सुतक आल्यासारखं झालं. मी कधी येतो ते आमच्या हिला कळेनासं झालं.

शेवटी नियंत्रण कक्षाच्या मोठ्या बाईसाहेबांनी वहिनींना बोलावलं. ती वाचली हे चांगलंच झालं, त्या म्हणाल्या, पण ती स्वतः बरं वाटतंय म्हणत असताना ते खोटं आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? उद्या प्रत्येक जण असं ठरवायला लागला तर गाड्या पुरतील का? वहिनींनी उत्तर दिलं. बाईसाहेब हसल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी आपल्या खुर्चीवर हजर.

आता त्या अ‍ॅपवर ‘रद्द करा’ दाबलं की आधी प्रश्न येतो, ‘बरं वाटतंय, की संकोच वाटतोय?’ वाक्य वहिनींचं. त्याचा स्क्रीनशॉट इमारतीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. आल्यागेल्याला दाखवून आम्ही सांगतो, या आमच्या समोर राहतात. तळमजल्यावरचेही तेच सांगतात, त्यांच्या समोर नुसत्या स्कूटर उभ्या असतात.

बाईसाहेबांना काय उत्तर दिलंत, ते मी जिन्यात अडवून विचारलं. पिशवी खाली ठेवून वहिनी म्हणाल्या, “मी म्हटलं, पसाऱ्याची एवढी लाज वाटणारी बाई खरंच बरी असती, तर मला लिहीत बसली असती का? आधी उठून घर आवरलं असतं तिने.”