तीन कपांचा रविवार

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. म्हणजे ती कधी सांगितलीच नाही असं नाही. उलट पुष्कळदा सांगितली. जेवणाच्या टेबलावर, दिवाळीच्या कार्यक्रमात, सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभात. फक्त खरी सांगितली नाही.

लोकांना माहीत आहे ती अशी: मी घरी जगभरची कॉफी मोजूनमापून करायचो, आणि माझ्या बायकोने एका रविवारी पाहुण्यांसमोर तीन कप चाखून त्यातली सुपरमार्केटची इन्स्टंट कॉफी सगळ्यात चांगली ठरवली. यावर लोक हसतात. ती गेली तेव्हा क्रिमॅटोरियममध्ये बोलताना मुलीने हीच गोष्ट सांगितली, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच सगळे जरा मोकळे झाले. पहिल्या रांगेत बसून मीही हसलो.

मुलगी इंग्लंडातच, रीडिंग गावी असते. गेल्या महिन्यात ती साउथहॅम्प्टनला माझ्याकडे आली, ओट्यावरचं माझं कॉफीचं सामान आवरायला. मी आता ते वापरत नाही. सगळं खोक्यात भरून झाल्यावर म्हणाली, "बाबा, ती इन्स्टंटवाली गोष्ट लिहून ठेवा ना. मुलांना आजीचं काहीतरी पाहिजे." बरं म्हणालो. म्हणून लिहायला बसलो आहे.

आमच्या घरची मूळ कॉफी तिची. पातेल्यात दूध, साखर, बरणीतली इन्स्टंट, आणि उकळी फुटली की वरून किसलेलं जायफळ. किसणी बोटाएवढी होती, लग्नानंतर पुण्याहून येताना आणलेली. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होतो. दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून घरी आलो, की दार उघडताच जायफळाचा वास यायचा. त्या वासाबद्दल मी कधी काही बोललो असेन असं वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर मला करायला काही नव्हतं. मुलीने वाढदिवसाला कॉफी गाळायचा एक काचेचा कोन, कागदी फिल्टर आणि लहान पिशवीत ताजी भाजलेली कॉफी दिली. त्यातून सगळं सुरू झालं. वर्षभरात ओट्यावर ग्राइंडर आला, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आला, लांब वाकड्या चोचीची केटल आली, जिच्यात पाण्याचं तापमान ठरवता येतं. आमच्याकडचं पाणी जड, केटलच्या तळाशी पांढरा थर बसतो. म्हणून मी डिस्टिल्ड पाणी आणून त्यात थोडं मॅग्नेशियम आणि खायचा सोडा मोजून घालायचो. मला ते आवडायचं. ग्रॅम, मिलिलिटर, सेकंद यांत माझं आयुष्य गेलं होतं, आणि इथे चूक झाली तर कोणी मरत नव्हतं.

ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पोळ्या लाटत बघायची. एकदा म्हणाली, "अहो, कॉफी करताय की पेशंटला झोपवताय?" मी टायमर चालू आहे म्हणून बोलू नकोस असं हाताने सांगितलं. मग ती फोनवर बहिणीला सांगायची, की आमच्याकडे हल्ली कॉफीचं ऑपरेशन चालतं, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.

माझ्यासारखे आणखी तिघं भेटले. शेजारचा इंग्रज इंजिनिअर, बंदरातून निवृत्त झालेला. त्याच्या ओळखीची एक शिक्षिका. आणि आमच्या हॉस्पिटलमधला एक तरुण मराठी डॉक्टर. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, आपापली कॉफी न्यायची, घोट घ्यायचा आणि त्यात काय काय लागतं ते सांगायचं. जर्दाळू, काळा चहा, मोसंबीची साल. बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटेल. आम्हाला वाटत नव्हतं.

मी रोज सकाळी केलेला पहिला कप तिच्यासमोर धरायचो. आधी वास घे, मग घोट घे. ती घ्यायची, छान आहे म्हणायची आणि आपल्या पातेल्याकडे वळायची. मग एके दिवशी कप खाली ठेवून म्हणाली, "वास येत नाही हो."

यावर मी काय केलं ते नीट लिहितो, कारण सगळं त्यातच आहे.

मी पिशवी उलटी करून भाजल्याची तारीख पाहिली. कॉफी शिळी झाली असणार, असं माझ्या मनात आलं. आमच्या छंदात कोणी वास येत नाही म्हणालं, की पहिला संशय बियांवर जातो. बिया ताज्या असतील तर दळण्यावर, मग पाण्यावर, मग तापमानावर. मी नवी पिशवी मागवली. तिला दिली. ती म्हणाली, नाही येत. मी दळणं बारीक केलं. पाण्यात सोडा कमी केला. तरी नाही. मग ग्राइंडर बदलला. त्याची पाती चांगली नसावीत, असं इंजिनिअरनेही सांगितलं होतं. मी तिला रोज विचारायचो, आज येतोय का. मला ती एक चांगली कसोटी वाटत होती, कारण ती सोडून सगळे कौतुकच करायचे. नवा ग्राइंडर आल्यावर काही दिवसांनी ती म्हणाली, "हो, आता येतो." मी त्या रविवारी मित्रांना सांगितलं, की अखेर पाती हेच कारण होतं.

तिने तसं का म्हटलं हे मला आता कळतं. आणखी एक ग्राइंडर घरात यायला नको होता.

मग आमच्या घरचा रविवार आला. त्या दिवशी मी तीन कपांचा खेळ ठरवला होता. तीन सारखे कप ठेवायचे. दोन कपांत एकच कॉफी, तिसऱ्यात वेगळी. डोळे मिटून चाखायचं आणि वेगळी कोणती ते सांगायचं. मी गंमत म्हणून वेगळी कॉफी म्हणजे तिच्याच बरणीतली इन्स्टंट घ्यायची ठरवलं, आणि सगळ्यांच्या शेवटी तिलाही बसवायचं ठरवलं. ते तिला सकाळीच सांगितलं. इन्स्टंटचं सांगितलं नाही.

ती देवापाशी होती. उदबत्ती लावून झाली होती. तिथूनच म्हणाली, "मला नका बसवू त्यात. मला खरंच कशाचाच वास येत नाही. ह्या उदबत्तीचासुद्धा."

मी केटल भरत होतो. मला ते ऐकू आलं. इथे मी बरेचदा स्वतःशी असं म्हणून पाहिलं आहे, की पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल. नीट आलं होतं. मी डॉक्टर होतो. दुसऱ्या कोणाच्या बायकोने हे मला पार्टीत सांगितलं असतं, तर मी हातातली प्लेट खाली ठेवून विचारलं असतं, कधीपासून, दोन्ही नाकपुड्यांत का, आणखी काही बदललंय का. तिला मी म्हणालो, "सर्दी असेल." मग तापमान लावलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

सगळ्यांचं झाल्यावर मी तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि खुर्चीत बसली. तिने माझ्याकडे पाहिलं. सगळे बघत होते, म्हणून मी हसून कप पुढे सरकवला. तिने डोळे मिटून तिन्ही चाखले आणि शेवटच्यावर बोट ठेवलं. ही वेगळी, म्हणाली, आणि ही बरी आहे.

ती इन्स्टंट होती. इंजिनिअर टेबलावर थाप मारून हसला. शिक्षिका म्हणाली की ह्या घरात खरं बोलणारी हीच एक. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "आयुष्यभर जायफळ घातल्यावर जीभ उरतेच कुठे?" मग तेच इंग्रजीत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. तीही हसली. कप गोळा केले आणि आत गेली. तरुण डॉक्टर तेवढा हसला नाही. पण तो तसाही कमी हसायचा, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

वास गेला की जिभेला उरतं ते कडू, आंबट, गोड, खारट. माझ्या महागड्या कॉफ्या फिकट भाजलेल्या, म्हणजे आंबट. तिला तीन कपांत दोन आंबट आणि एक कमी आंबट लागली असणार. तिने वेगळा कप बरोबर ओळखला होता. त्या दिवशी जमलेल्यांपैकी दोघांना तोही ओळखता आला नव्हता. हे मात्र मी गोष्टीत कधी घातलं नाही.

त्यानंतर मी तिच्यासमोर कप धरणं सोडलं. तिला आवड नाही असं ठरवून टाकलं. तिच्या पातेल्यात जायफळ वाढत गेलं. मी त्याचीही गंमत करायचो, की हिची कॉफी प्यायल्यावर भूल द्यायला माझी गरज नाही. एकदा दूध तळाला लागून घरभर धूर झाला, अलार्म वाजला, आणि ती पातेल्यासमोरच उभी होती. मी वरून धावत आलो आणि म्हणालो, लक्ष कुठे असतं तुझं.

काही वर्षांनी मुलीच्या लक्षात आलं, की चालताना आईचा उजवा हात हलत नाही. मला म्हणाली, "बाबा, आईचा हात असा का राहतो?" मी खांद्याचं दुखणं असेल म्हणालो. मुलीने ऐकलं नाही. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, आमच्याच हॉस्पिटलमध्ये. तो मला ओळखत होता. त्याने कधीकाळी माझ्या हाताखाली थिएटरमध्ये काही महिने काढले होते. त्याने तिला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली. कंपवात होता. मला ती दारातून चालत येतानाच दिसलं होतं. म्हणजे त्या दिवशी दिसलं.

मग त्याने तिला विचारलं, की वासाचं काही जाणवलं होतं का, आणि कधीपासून. ह्या आजारात हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

ती माझ्याकडे वळली नाही. मांडीवरच्या पर्सकडे बघत इंग्रजीत म्हणाली, की आठवत नाही, डॉक्टर.

त्याने माझ्याकडे पाहिलं. नवरा डॉक्टर असला की पेशंटला आठवत नाही ते तो सांगतो, अशी पद्धत असते. मी म्हणालो, की अलीकडेच असावं.

कारमध्ये बसल्यावर मी बेल्ट लावून तसाच बसलो. कार पार्कच्या खालच्या मजल्यावर होतो. तिने बराच वेळ बेल्टची खाच शोधली. मी लावून दिला. मग ती म्हणाली, "त्याच्यासमोर तुमचं कशाला काढायचं." एवढंच. मी गाडी सुरू केली.

लवकर कळलं असतं तर आजार थांबला असता का? नसता. औषधं साधारण हीच असती. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. पण तिने मला ते आजार म्हणून सांगितलंच नव्हतं. कॉफीला वास येत नाही, असं सांगितलं होतं, आणि मी कॉफी दुरुस्त करत बसलो.

शेवटच्या वर्षात तिला पातळ काही गिळता येईना, ठसका लागायचा. पाण्यात, चहात घट्ट करायची पावडर घालावी लागे. चमचा कमीजास्त व्हायचा, म्हणून ती मी कॉफीच्या काट्यावर मोजायचो. तो काटा शेवटी त्याच कामी आला. सकाळची तिची कॉफी मीच करायला लागलो. पातेलं, दूध, साखर, इन्स्टंट, वर जायफळ. त्या किसणीने माझं बोट बरेचदा सोललं. इतक्या वर्षांत ती हे कसं करत होती ते मी पाहिलं नव्हतं.

एका सकाळी ती बरी होती. खिडकीपाशी खुर्चीत बसवली होती. तिचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता, की जवळ स्टूल घेऊन बसावं लागे. मी स्टूल घेतलं. काय बोलायचं ते पातेल्यापाशी उभा असताना ठरवलं होतं. चमच्याने एक घोट दिला. तिने तो हळूहळू गिळला.

मी विचारलं, "जायफळ पुरे आहे का?"

तिने मान डोलावली. मग ओठ हलले, म्हणून मी कान पुढे नेला. "वास छान येतोय," म्हणाली.

मी दुसरा चमचा भरला. तिने तोंड उघडलं. तो दिला, मग तिसरा दिला, कप संपवला, तिची हनुवटी पुसली आणि कप धुवायला आत गेलो. तशा सकाळी त्यानंतरही मिळाल्या. प्रत्येक वेळी मी स्टूल घेऊन बसलो आणि जायफळाचं, साखरेचं किंवा दुधाचं विचारलं.

म्हणायचं होतं ते फार लांबलचक नव्हतं. त्या रविवारी सकाळी तू देवापाशी बसून मला सांगितलं होतंस. मला ऐकू आलं होतं. तरी मी तुला सगळ्यांसमोर बसवलं आणि तुझ्यावर हसलो. तुझ्या जिभेत काही खोट नव्हती. मला माफ कर.