ज्याला खाज, त्याला बाटली

नखंबाई दोन दिवस रजेवर गेल्या आणि तेवढ्यात मी दवाखान्याच्या बावीस बाटल्या वाचवल्या. बावीस वर्षांच्या कारकुनीत माझ्या अक्षराला जमलं नव्हतं, ते त्या बाटल्यांनी केलं. माझी पुरती अब्रू गेली.

नखंबाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्स. पोर समोर आलं की नाव-गाव नंतर, आधी "हात पुढे." नखं कापल्याशिवाय औषध नाही. नाव पोरांनी ठेवलं आणि मोठ्यांनी उचललं. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकाला माहीत आहे.

बाटल्या होत्या खरजेच्या औषधाच्या. बाईंचा नियम असा, की घरात एकाला खरूज झाली तरी सगळ्यांनी एकाच संध्याकाळी गळ्यापासून तळव्यापर्यंत औषध लावायचं. खाज असो वा नसो. मला ही निव्वळ उधळपट्टी वाटायची. त्यामुळे बाई नाहीत असं बघून मी कारभार सुधारला. ज्याला खाज, त्याला बाटली. उरलेल्या बाटल्या मोठ्या भांडारात परत पाठवल्या, सोबत स्वतःचं कौतुक करणारं पत्रही जोडलं.

तीन आठवड्यांनी मागच्या गल्लीतली शिंपीण मुलीला घेऊन परत आली. पोरीच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ, खाजवून खाजवून मनगटावर पू धरलेला. शाळेनं दुसऱ्यांदा घरी पाठवलं होतं आणि शिष्यवृत्तीची परीक्षा पाच दिवसांवर.

"बाई, परीक्षेला तरी बसू देतील ना हो?" शिंपिणीनं विचारलं.

बाईंनी माझी वही ओढली. "घरात माणसं सात आणि बाटली एक? हे कुणाचं डोकं?"

"माझं," मी म्हणालो.

"त्याला डोकं म्हणत नाहीत."

भांडारातून बाटल्या परत यायला पंधरा दिवस लागले असते. बाई मला घेऊन थेट बंगल्यांकडच्या दवाखान्यात गेल्या. तिथलं कपाट उघडलं तर औषधाच्या रांगाच रांगा, वर धूळ बसलेली. तिथली नर्स म्हणाली, "न्या की! आमच्याकडे वर्षातून एखादं पोर येतं, तेही गाडीतून उतरून." खोकं अर्थातच मी उचललं. प्रायश्चित्ताचं वजन बरंच होतं.

संध्याकाळी शिंपिणीची खोली गाठली. खोली एक, पांघरुणं दोन, नळ अठरा घरांत मिळून एक, पाणी सकाळी अर्धा तास. पोरीच्या मनगटाला मलम लावून झाल्यावर बाई बापाकडे वळल्या.

"मला कुठं खाजतंय?" तो कोपऱ्यात सरकला.

"खाज सुटायला महिना लागतो, भाऊ. दुसऱ्याला द्यायला लागत नाही. शर्ट काढा."

आजी म्हणाली, "मला कशाला गं? माझे आता किती दिवस राहिले?"

"जितके राहिलेत तितके न खाजवता काढा. बसा इथं."

पांघरुणं उकळत्या पाण्यातून काढायची, तर पाणी कुठलं? बाईंनी ती पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायला सांगितली. मग रात्री अंगावर काय घ्यायचं? दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या तीन चादरी वहीत 'धुण्यास दिल्या' अशा दिसायला लागल्या. अक्षर माझंच.

नखंबाई पोरीला घेऊन शाळेत गेल्या, तर तिथल्या मोठ्या बाईंनी दारातच अडवलं. "ही अजून खाजवतेय."

"खाज अजून पंधरा दिवस राहील. औषध सगळ्या घरानं लावलंय. आता हिच्यापासून कुणाला काही होत नाही. चिठ्ठी हवी का?" नखंबाईंनी चिठ्ठी लिहून हातात ठेवलीच आणि जाता जाता त्याच बाईंच्या नखांकडे एक नजर टाकली. मोठ्या बाईंनी हात पदराखाली घेतले.

मुलगी परीक्षेला बसली. आठवड्यानं सगळ्यांनी पुन्हा एकदा औषध लावलं. या खेपेस बाप शर्ट काढूनच बसला होता. मनगटावरच्या खपल्या गळून पडल्या. मला फार बरं वाटलं, जणू बरं मीच केलं होतं.

बाई कुणाची तरी नखं कापत होत्या, तेव्हा मी म्हणालो, "बाई, त्या घरातून खरूज आता कायमची गेली म्हणायची ना?"

"सात जण एका खोलीत दोन पांघरुणांत झोपतात, तोवर नाही."