रात्रीचा बूट

सकाळची पहिली चार पावलं मला नकोशी व्हायला लागली ती दोनेक वर्षांपूर्वी. पलंगावरून उतरून उजवा पाय टेकवला की टाचेखाली खिळा घुसल्यासारखं व्हायचं. दहा-पंधरा पावलं टाकली की कळ जरा ओसरायची आणि मग दिवसभराच्या धांदलीत मी ती विसरून जायचे. मी वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. काम सगळं उभ्यानेच. संध्याकाळी पाय भरून येणं मला नवीन नव्हतं, त्यामुळे हे दुखणं वेगळं आहे हे कळायलाच दोन महिने गेले.

आधी कळलं नवऱ्याला. "अगं, तू सकाळी चवड्यावर का चालतेस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, फरशी गार लागते. मेमध्ये गार फरशी कुठून आली, असं विचारून तो त्याच संध्याकाळी मला डोंबिवलीत डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी टाचेखाली अंगठा दाबला आणि मी ओरडलेच. ते म्हणाले, तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो, तो दुखावलाय. घरातही चप्पल घाला, व्यायाम करा, धीर धरा. आणि त्यांनी मला कोपर स्टेशनला, आमच्या घराजवळच, एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती मुलगी माझ्या लेकीहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. तिने पिंढऱ्यांचे व्यायाम शिकवले आणि शेवटी कपाटातून एक निळा, प्लास्टिकचा, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा बूट काढला. त्याला आतून फोम, पुढून तीन पट्ट्या.

"ताई, झोपेत पाय कसा असतो? बोटं खाली झुकलेली. रात्रभर तो पट्टा आखडतो. सकाळी तुम्ही उठता आणि एकदम सगळं वजन टाकता. मग तो ओढला जातो आणि कळ येते. म्हणून रात्री पाऊल सरळ धरून ठेवायचं. त्यासाठी हा स्प्लिंट."

"हे घालून झोपायचं?"

"एकदम रात्रभर नको. आधी तासभर, मग हळूहळू वाढवा. आणि उठून चालायचं झालं तर आधी काढा, नाहीतर पडाल."

लॅबमध्ये मी थेंब थेंब मोजते. घरी मात्र मला घाई झाली. एका तासाने बरं वाटणार असेल तर आठ तासांनी जास्तच वाटेल, असा हिशेब करून मी पहिल्याच रात्री पट्ट्या करकचून आवळल्या आणि झोपले. पहाटे जाग आली तेव्हा बोटं माझी नव्हतीच. चिमटा काढला तरी कळेना. पोटरी घामाने चिकट झालेली आणि कूस बदलताना नवऱ्याच्या नडगीला दोनदा लाथ बसलेली. चौथ्या दिवशी बूट माळ्यावर गेला.

पंधरा दिवसांनी मी तो पिशवीत घालून तपासणीला गेले.

"रोज लावता ना?" तिने विचारलं.

"हो, रोज."

तिने बूट हातात घेतला, उलटासुलटा केला आणि पट्टी चर्रकन उघडून माझ्यासमोर धरली. "ताई, या वेलक्रोला एक धागा नाही, एक केस नाही. माझ्या पेशंटांच्या बुटांना आठवड्याभरात अख्ख्या गोधडीची लव चिकटलेली असते."

लॅबमध्ये नवीन पोरांनी अंदाजे आकडा लिहिला तर मी अख्खी चाचणी पुन्हा करायला लावते. आणि इथे मीच खोटं रीडिंग दिलेलं.

ती रागावली नाही. "नसेल जमत तर सांगा. पण जमतं म्हणालात तर मला वाटणार, बूट लावूनही गुण येत नाही. मग मी दुसरंच काहीतरी करत बसणार."

"बोटं बधीर होतात," मी म्हटलं. "म्हणून सोडला."

"घट्ट बांधत असाल. बांधून दाखवा."

पण तेवढ्यात तिचा पुढचा पेशंट आला, आणि खरं सांगायचं तर मला तिथून निसटायचंच होतं. पुढच्या वेळी दाखवते, असं म्हणून मी निघाले.

त्याच शनिवारी पौर्णिमा होती. आई ठाण्याला आमच्या जुन्या चाळीत एकटी राहते. पौर्णिमेला तिच्याबरोबर विहारात वंदनेला जायचं आणि रात्री तिच्याकडेच राहायचं, हा माझा शिरस्ता. मनात चोर होता, म्हणून की काय, मी बूट पिशवीत घेऊन गेले. रात्री मात्र तो बाहेर काढला नाही.

सकाळी माझे डोळे उघडले तेव्हा आई कॉटवर उठून बसलेली. तिने दोन्ही पाय खाली सोडले, डावा हात भिंतीला लावला आणि भिंतीच्या आधाराने एकेक पाऊल टाकत मोरीकडे निघाली. टाच टेकत नव्हती.

हे चालणं मी लहानपणापासून बघत आलेय. आई हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. तीस वर्षं तिने त्या वॉर्डात उभ्याने काढली. मी आणि भाऊ तिच्या या चालीची नक्कल करायचो. एक हात भिंतीला, तोंड वाकडं, "आई ड्युटीला चालली, आई ड्युटीला चालली." बाबा हसायचे, शेजारचे हसायचे. आईची ती सवय आहे, असंच आम्हाला वाटायचं. एखाद्याला नाक ओढायची सवय असते तशी.

मी गादीवरून उठले आणि तिच्या मागोमाग निघाले. माझाही हात भिंतीलाच गेला.

"आई, तुझी टाच दुखते?"

"कुणाची नाही दुखत?"

"किती वर्षं?"

तिने तोंडावर पाणी मारलं. "तू शाळेत जात नव्हतीस तेव्हापासून. वॉर्डातल्या सगळ्या आयांची दुखायची. मला वाटलं, उभ्याच्या कामात हे चालायचंच."

"आणि आम्ही तुझी नक्कल करायचो."

"माहितीये ना. तुझ्या भावाला जमायची नाही, तू हुबेहूब करायचीस." ती हसली. मला हसता आलं नाही. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. तिने चहा टाकला, मला रडू दिलं, आणि कप हातात देताना विचारलं, "आता तुझी टाच दुखायला लागलीय का?"

मी बूट काढून दाखवला. सगळी कथा सांगितली, खोट्यासकट.

"बांध बघू."

मी बांधला. तिने नुसतं बघितलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तिन्ही पट्ट्या सोडल्या.

"असं आवळतात होय? बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधायचो, तेव्हा खाली बोट जातं का ते बघायचो. मगच पुढचं बाळ. आधी सुती मोजा घाल. टाच मागे पूर्ण बसव. टाच सुटली की पुढचं सगळं चुकतं." तिने वरची पट्टी लावली, मग घोट्याची, शेवटी बोटांकडची. प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं घालून बघितली. "पायाला धरायचंय, दाबायचं नाहीये."

तासभर मी तो घालून बसले. बोटं गरम राहिली.

पुढच्या आठवड्यात मी फिजिओथेरपिस्टला बांधून दाखवलं. "हे कुणी शिकवलं?" तिने विचारलं. मी आईला सोबतच आणलेलं, तिच्याकडे बोट केलं. आईलाही तिने तपासलं आणि तिच्या मापाचा बूट दिला. या वयात अर्ध्या झोपेत बाथरूमला जाताना बूट पायात राहिला तर पडण्याची भीती, म्हणून आईला दुपारी आडवं पडताना आणि टीव्ही बघताना लावायला सांगितलं. घरात घालायला मऊ चपला दिल्या. आईने आयुष्यात घरात चप्पल घातली नव्हती; पहिले आठ दिवस ती दाराशी काढून ठेवायची, मग आठवून परत घालायची.

माझं दुखणं एकदम गेलं नाही. महिनाभर तासातासाने वाढवत मी पूर्ण रात्रीपर्यंत पोहोचले. तिसऱ्या महिन्यात सकाळचा खिळा बोथट झाला, दिवाळीपर्यंत मोडला. लॅबमध्ये पायाखाली रबराची चटई मागितली, तीही मिळाली. आता सगळेच तिच्यावर उभं राहायला बघतात.

आईचं जुनं दुखणं. ते पूर्ण जाणार नाही, असं फिजिओथेरपिस्टने आधीच सांगितलेलं. पण परवा फोनवर आई म्हणाली, "निम्मं तरी गेलंय गं." दुपारी पाय लांब करून ती बूट घालून बसते तेव्हा चाळीतल्या बायका बघायला येतात. समोरच्या मावशींनी, त्या शाळेत शिपाई होत्या, पाय पुढे करून आपलीही टाच दाखवली. आईने दाबून बघितलं आणि सांगितलं, "माझा घालू नका, मापाचा लागतो. सोमवारी माझ्याबरोबर कोपरला चला."