आडवी केलेली विळी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि त्यातले बरेचसे विसरलोही. पण एका सोळा वर्षांच्या मुलाने विकत घेतलेली भाजीची विळी काही डोक्यातून जात नाही. ते प्रकरण आठवलं की त्या दिवशी उडाला होता तसाच गोंधळ आजही उडतो. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं अजून अंबरनाथमध्येच राहतात, त्यांना सुखाने राहू द्यावं.

मी तेव्हा अंबरनाथला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आणि बंदोबस्ताचं वाटप उरकून चहाला तोंड लावणार, एवढ्यात ठाणे अंमलदार एका माणसाला घेऊन आत आला. अंगावर कंपनीचा निळा गणवेश, पायात जाड बूट. मूळचा साताऱ्याकडचा, मोरिवलीजवळच्या कारखान्यात मशीनवर कामाला, राहायला बुवापाड्यात. बायकोचा फोन आला म्हणून ड्युटी अर्धी टाकून आला होता.

"साहेब, पोरगं सकाळधरनं गायब हाय. फोनबी घरात टाकून गेलंय. त्या संस्थावाल्यांनीच नेलं असणार. लई लळा लावलाय त्यांनी."

कसली संस्था म्हणून विचारलं, तेव्हा त्याने बाही वर सरकवली. मनगटापासून कोपराकडे गेलेला एक जुना व्रण होता. पोराने शाळा सोडलेली, रोज मारामाऱ्या, आणि एका भांडणात तो विळी उचलून बापाच्याच अंगावर धावलेला. बापाने तक्रार दिली नाही, पण त्याला घरात ठेवायची छातीही झाली नाही. मग बाल कल्याण समितीच्या आदेशाने मुलाची रवानगी बदलापूरच्या एका निवासी संस्थेत झाली. तिथे वर्षभर राहून तो नुकताच घरी परतला होता.

अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की अपहरणाचाच गुन्हा नोंदवायचा असतो. तो अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवला, मुलाचा फोटो आजूबाजूच्या ठाण्यांना पाठवला आणि संस्थेत फोन लावला. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, इथे आलेला नाही, आला तर लगेच कळवते. तसाही मला बापाचा संशय पटत नव्हता. संस्थेतून पळून घरी गेलेली मुलं आम्ही ढिगाने शोधली होती. घर सोडून आपणहून संस्थेत जाणारं मूल असतं, हे मी तोवर ऐकलंही नव्हतं.

दुपारी उल्हासनगरहून खबर आली. तिथला एक सिंधी भांडीवाला आमच्या एका हवालदाराच्या ओळखीचा. फोटो त्याच्यापर्यंत पोचला, तसा त्याने हवालदाराला फोन केला.

"साहेब, ये छोकरा सकाळी आपल्याच दुकानात आला होता. विळी घेऊन गेला. चार-पाच काढायला लावल्या, अंगठ्याने धार बघितली, मग एक पसंत केली. एवढा चिकित्सक गिऱ्हाईक मी बायकांत पण नाही बघितला, साईं."

हवालदाराने हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. एकदा बापावर विळी उगारलेला मुलगा धार बघून नवी विळी घेतो आणि दिसेनासा होतो. शेंबडं पोरही काय समजायचं ते समजेल. मी बापाला ठाण्यातच बसवून ठेवलं, कारखान्याच्या गेटवर साध्या वेशातला माणूस उभा केला आणि विचारपूस सुरू केली.

"घरी आल्यापासून भांडण झालं?"

"नाय साहेब. कुणी आवाजसुदिक चढवला नाय."

"त्याने काही धमकी?"

"छे. झाडलोट करायचा, पाणी भरायचा."

"मग तुम्हाला भीती कशाची वाटते?"

"त्याचीच तर वाटती, साहेब. असा नव्हता हो तो."

आता यावर काय लिहून घ्यायचं? मुलगा वाईट वागतो अशी तक्रार समजते. चांगला वागतो म्हणून बापाला झोप नाही, हा जबाब मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण हा तर ताकाकडे बघायलाही तयार नव्हता.

त्याला आणि एका महिला हवालदाराला घेऊन मी बुवापाड्यात गेलो. आई ओट्याला टेकून उभी होती. काय विचारलं तरी एकच उत्तर, "मला नाय ठाऊक." एवढ्यात शेजारीण ताटलीत चिरलेली भेंडी घेऊन दारात आली, आम्हाला बघितलं आणि ताटली उंबऱ्यावरच ठेवून मागे फिरली.

माझं निम्मं आयुष्य चाळीत गेलंय. शेजारून वाटीभर साखर येते, सणाचं ताट येतं. पण रोजची भाजी चिरून येत नाही.

"ताई, तुमच्या घरात विळी नाही?"

तिने नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं.

"पोरगा यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी विळी, सुरी, कात्री, सगळं उचलून ह्या शेजारच्या वहिनींकडं नेऊन ठेवलं. पोरानं विचारलं, आई, विळी कुठंय? मी म्हटलं, मोडली. काल परत विचारलं, परत तेच सांगितलं. आज सकाळी म्हणाला, मी नवी आणतो, तू पप्पांना सांगू नको. मी नको नको म्हणेस्तोवर गेलासुद्धा."

"आणि परत आलाच नाही?"

"आला की! मी तवा वहिनींच्या दारात बसून भाजी चिरत होते. आमच्याच विळीवर. हातात पिशवी घेऊन समोर उभा राह्यला. माझ्याकडं बघितलं, विळीकडं बघितलं, आणि काय न बोलता मागच्या मागं गेला. साहेब, एक शिवी तरी द्यायची होती मला."

हे नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. पोराने विळी आणलीय असं कळलं असतं तर त्याने काय केलं असतं, याची तिला धास्ती. पोराला बापाची भीती, बापाला पोराची आणि तिला दोघांची. मीही चक्रावून गेलो होतो. तपासाची सवय अशी की आधी गुन्हेगार शोधायचा. इथे तो सापडेचना.

तेवढ्यात अधीक्षिकाबाईंचा फोन आला. "मुलगा आत्ताच आलाय. इथल्या ठाण्यातही कळवलंय. तुम्ही या, पण गणवेशात नको. आणि वडिलांना नक्की आणा. वर्षभर त्यांना आत आणायचा प्रयत्न करतेय मी."

मी ठाण्यात शर्ट बदलला आणि त्या नवरा-बायकोला घेऊन बदलापूरला निघालो. संस्था म्हणजे एक साधी दुमजली इमारत, अंगणात दोरीवर वाळत घातलेले मुलांचे कपडे. बाई पन्नाशीच्या, आवाज शाळामास्तरणीचा. मी विचारलंच, "विळी उगारून आलेल्या मुलाच्या हातात तुम्ही विळी देता?"

"पहिल्याच आठवड्यात दिली, साहेब. मी स्वतः शेजारी बसले. आम्ही त्याला घाबरून राहिलो, तर तोही स्वतःला घाबरूनच राहणार. पहिल्या दिवशी विळीला हात लावायलाच तयार नव्हता तो. पुढे सगळ्या मुलांची भाजी तोच चिरायचा. रविवारी पालकांनी यायचं, मुलाने रांधलेलं त्याच्यासमोर बसून खायचं, मग आम्ही बोलणार, अशी इथली पद्धत. आई दर रविवारी आत यायची. हे मात्र फाटकापाशी उभे राहायचे. शिफ्ट आहे म्हणायचे."

बापाने मान खाली घातली. मुलाने एवढ्या दिवसांत काय कमावलं ते त्याने पाहिलंच नव्हतं. घरी बोलवायला मात्र तयार झाला होता.

मुलगा स्वयंपाकघरात होता. त्याच्याजवळ बसून मी फक्त एवढंच विचारलं, की बाबा, घरी का नाही गेलास?

"कसा जाणार, काका? घरातली विळी लपवलीय ते बघितलं होतं मी, आणि माझ्या हातात नवी विळी होती. ती घेऊन घरात शिरलो असतो तर पप्पांना वाटलं असतं... आणि आईसाठी आणलेली फेकून देववेना. मला काय सुचेचना. मग इकडे आलो."

सोळा वर्षांचं पोर, स्वतःच्या घराच्या पायरीवरून भाजीची विळी घेऊन परत फिरलेलं. मला भरून आलं, आणि ते मी लपवत नाही.

बाईंनी बापाला दारातून हाक मारली. मुलगा त्याच नव्या विळीवर कांदा चिरत बसला होता. बापाची चाहूल लागताच त्याने विळी पटकन आडवी केली आणि हात मांडीवर घेऊन बसला. कुणी जवळ आलं की विळी आडवी करायची, हे घराघरातलं वळण. पण त्या पोराने ती आडवी केली ती झडती देताना खिसे उलटे करतात तशी.

बाप उंबऱ्यावर घुटमळला. हात नकळत बाहीवर, त्या व्रणावर गेला. मला वाटलं, हा इथूनच फिरणार. मग त्याने बूट काढले, आत आला आणि पोरासमोर, विळीच्या हातभर अंतरावर, मांडी घालून बसला.

"आडवी कशाला केलीस?" तो म्हणाला. "चिर की."

मुलाने बापाकडे बघितलं. मग त्याने विळी उभी केली. बापाने टोपलीतला एक कांदा उचलला आणि सोलायला घेतला. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांदा आहे म्हणून कुणी कुणाला काही विचारलं नाही.

गुन्हा 'क' समरीत निघाला. म्हणजे खराही नाही आणि खोटाही नाही, गैरसमजातून नोंदवलेला. कायद्यात अशी सोय आहे, हे बरंच आहे. मुलगा घरी परतला, तरी बाप पुढे दर रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन संस्थेत जाऊ लागला, असं बाईंकडून कळलं. त्याआधी मला अशा संस्था म्हणजे नको झालेली पोरं ठेवायची जागा वाटायची. आता काय म्हणावं, हे नीट सांगता येत नाही. पोर सुधारलं की घर आपोआप सुधारतं असं मी धरून चाललो होतो, आणि तसं होत नाही, एवढं मात्र कळलं.

पुढे कागदावर सही घ्यायला मी स्वतः बुवापाड्यात गेलो. दार उघडंच होतं. आई शेजारणीकडे गप्पा मारत बसली होती, मुलगा जेवणाच्या तयारीला लागला होता, आणि त्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, रात्रपाळी करून आलेला बाप गाढ झोपला होता. विळी उभी होती.